मुलगा काय करतो? तर नर्सिंग करतो

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी गावाकडची दोनतीन पोरं मला फोन करतात, दादा बीएससी नर्सिंग घेऊ का, आणि दुसऱ्याच वाक्यात विचारतात की पण लोक काय म्हणतील. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी लातूरकडचा. आमच्याकडे अकरावी बारावी सायन्स म्हणजे पोरगं डॉक्टर होणार असं घरच्यांनी धरूनच चाललेलं असतं, क्लासच्या बोर्डांवर टॉपरचे फोटो बघत बघतच आम्ही मोठे झालो. २०१३ ला बारावी झाली, एमबीबीएसला नंबर लागला नाही, एक वर्ष रिपीट केलं तरी नाही. प्रायव्हेटची फी परवडणार नव्हती मग बीएससी नर्सिंगला गेलो. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. मामा तर पाहुण्यांना अजूनही "मेडिकल लाइनमध्ये आहे" असंच सांगतात, म्हणजे ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

पहिला जॉब २०१८ ला पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये, हातात साडेतेरा हजार. त्यात रूम, मेस आणि गावी जायचं एसटीचं भाडं. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या कमिटीने २०१६ मध्येच म्हणलेलं की प्रायव्हेटमधल्या नर्सला कमीत कमी वीस हजार तरी मिळाले पाहिजेत, अगदी छोटं हॉस्पिटल असलं तरी. एचआरला हे सांगितलं तर त्या मॅडम नुसत्या हसल्या. वर ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतलेल्या, सोडताना त्या परत मिळवायला मला दीड महिना चकरा माराव्या लागल्या. नवीन पोरांनो ओरिजिनल कोणाला द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत पिशवीत टाका. लोक मान देत नाहीत याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही जेवढं या पगाराचं वाटलं, खरं सांगतो.

आता मान म्हणजे काय ते मला कुठे कळलं ते सांगतो. आयसीयूत दुसरा का तिसरा महिना, नाइट ड्यूटी. एका पेशंटचं पोटॅशियम कमी आलेलं, डॉक्टर फोनवर म्हणाले केसीएल (पोटॅशियमचं इंजेक्शन) द्या आणि फोन ठेवला. मी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची छोटी कुपी, फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि बेडकडे निघालो. इनचार्ज सिस्टरने, केरळच्या होत्या पण मराठी आपल्यापेक्षा फाडफाड, जागेवरूनच विचारलं, "कशात टाकणार ब्रदर?" माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, केसीएल तसंच डायरेक्ट शिरेत ढकललं तर हार्ट बंद पडू शकतं, ते सलाइनमध्ये मिसळून हळूहळू काही तास चालवायचं असतं. कॉलेजात हे शिकलेलो, पेपरात लिहिलेलं पण, पण रात्री तीन वाजता हात आपोआप चालतात. त्यांनी ती सिरिंज माझ्याच हाताने बेसिनमध्ये रिकामी करायला लावली, आवाज अजिबात चढवला नाही. मग डॉक्टरांना फोन लावला, "डॉक्टर, फाइलवर ऑर्डर लिहायला या, किती, कशात आणि किती तासात." आणि डॉक्टर पाच मिनिटात चपला घालून डोळे चोळत खाली आले, गपचूप लिहून गेले.

त्या बाईंना सोसायटीत कोण विचारत असेल मला माहीत नाही, पण त्या मजल्यावर "डॉक्टर एकदा बघून जा" असं त्या म्हणल्या की कोणीही का म्हणून विचारत नसे. हे डिग्रीने मिळत नाही, ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती म्हणजे हँडओव्हर नीट दिला, चार्टवर न केलेलं कधी लिहिलं नाही, असं वर्षानुवर्षं केल्यावर मिळतं.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचं उदाहरण तर सगळ्यांना माहितीय. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यात जबर जखमी झाल्यावर १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथे बेडवर होत्या, आणि ४२ वर्षं वॉर्डातल्या सिस्टर बदलत गेल्या, रिटायर झाल्या, नवीन आल्या, पण भरवणं पुसणं कूस बदलणं चुकलं नाही. २०११ मध्ये दयामरणाचा विषय सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा कोर्टाने म्हणलं की त्यांचं खरं जवळचं माणूस म्हणजे केईएमचा स्टाफ. मला तर वाटतं आमच्या लाइनला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणी दिलेलं नाही.

आणि लोकांच्या मानाचं म्हणाल तर कोरोनात २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला आमच्या रूमच्या मालकांनी गॅलरीत उभं राहून थाळी वाजवली, एप्रिलमध्ये त्यांनीच सांगितलं की दुसरी रूम बघा. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण तेव्हापासून मी टाळ्या मोजायचं सोडून दिलं.

आता कामाचं. बीएससीला बारावीत पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) लागतं आणि सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावी लागते, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठलीही शाखा चालते. ॲडमिशन घेताना बिल्डिंग बघू नका, कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि तिथे खरंच पेशंट असतात का ते एकदा ओपीडीत जाऊन बसून बघा, आणि कौन्सिलची मान्यता तपासा. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लगेच करा. एम्सच्या नर्सिंग भरतीसाठी नॉरसेट नावाची परीक्षा असते, जीएनएमवाल्यांना त्यासाठी किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो, बीएससीवाल्यांना लागत नाही. मुलांनी एक लक्षात घ्या, मी परीक्षा दिली तेव्हा तिथे ८० टक्के जागा मुलींना आणि २० टक्के आपल्याला होत्या, त्यामुळे मेरिट वर जायचं, मला तिसऱ्या वेळी जमलं. बेसिक ४४,९०० आहे. जर्मनीला जायचं असेल तर जर्मन भाषा बी-टू लेव्हलपर्यंत करायची तयारी ठेवा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

केंद्राच्या हॉस्पिटलांत २०१६ पासून स्टाफ नर्सचं नाव नर्सिंग ऑफिसर झालंय. मागच्या वर्षी माझा लग्नाचा बायोडेटा मामांनी छापून आणला तर त्यात "मेडिकल ऑफिसर". म्हणलं मामा हे चुकीचंय, ते डॉक्टरांचं पद आहे, नर्सिंग ऑफिसर करा. मामा बराच वेळ कागदाकडे बघत बसले, मग म्हणाले, "बरं, पण नर्सिंग जरा बारीक अक्षरात घेऊ का?"

मी ठळक करून आणायला लावलं. डीटीपीवाल्याने दुसऱ्यांदा पैसे घेतले.