पहिल्या मुलाखतीचा कोट आणि वाया गेलेले २,२०० रुपये

बँकेच्या मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा कापसाचा चुकारा नुकताच हाती आला होता. बाबांनी त्यातले अडीच हजार मोजून माझ्या हातावर ठेवले आणि "चांगला घे" एवढंच म्हणाले. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कोट घातलेली बाई तोवर टीव्हीवरच दिसायची. ते पैसे मी कसे घालवले हे आठवलं की अजून घशाशी येतं. म्हणून हे लिहिते आहे. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूरकडच्या ज्या मुली पहिल्यांदा नोकरीसाठी कपडे घ्यायला निघाल्या आहेत, त्यांनी तरी हा एक खड्डा टाळावा.

क्लासच्या सरांनी ठासून सांगितलं होतं की मुलींनी ब्लेझर घातलाच पाहिजे, नाहीतर पॅनल किंमत देत नाही. ते चुकीचं होतं. मी दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे बाहेर बसलेल्या मुलींमध्ये साडी होती, सलवार सूट होता, साधा शर्ट-पँटही होता. कपड्यांचा सल्ला अशा बाईकडून घ्या जिनं आपल्याकडच्या मे महिन्यात दोन वर्षं नोकरी केली आहे आणि जी स्वतःचे कपडे स्वतः धुते. बाकी कुणी कितीही मोठा मार्गदर्शक असो, याबाबतीत त्याचं ऐकू नका.

तर झालं असं. नागपूरला बर्डीवरच्या एका दुकानातून मी २,२०० रुपयांचा काळा ब्लेझर घेतला. खांद्याला बरोबर बसला, आरशात छान दिसला. पहिली मुलाखत झाली. जाता-येता एस.टी.चा प्रवास, घाम, धूळ, खिडकीची काजळी. दुसरी मुलाखत नऊ दिवसांवर होती. आमच्याकडे ड्रायक्लीनचं दुकान नाही, यवतमाळला टाकला तर परत आणायला पुन्हा एक दिवस मोडणार. मी बादलीत कोमट पाणी घेतलं, धुण्याची पावडर टाकली आणि कोट हलक्या हातानं धुतला. अगदी जपून धुतला, पिळलासुद्धा नाही. वाळल्यावर बघते तर समोरच्या दोन्ही पल्ल्यांवर फोड आले होते, भाजलेल्या पापडावर येतात तसे. इस्त्री फिरवली की बसायचे, गार झालं की पुन्हा उठायचे.

गावात शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे धावत गेले. त्यांनी पल्ला चिमटीत धरला आणि म्हणाल्या, "काहून धुतला वं पोरी? हा कोट शिवला नाई, चिकटवला हाये."

हे नीट समजून घ्या, कारण दुकानदार सांगत नाही. कोटाचा समोरचा भाग ताठ उभा राहावा म्हणून बाहेरच्या कापडामागे आणखी एक थर घालतात. महागड्या कोटात तो कॅनव्हासचा असतो आणि टाके घालून बसवलेला असतो. स्वस्त कोटात तो डिंकाचा असतो, टेलर त्याला फ्युजिंग म्हणतात. गरम दाबाखाली डिंक वितळतो आणि दोन्ही थर एकमेकांना चिकटतात. दुकानात हे छानच दिसतं. पण पाण्यात बाहेरचं कापड एका मापानं आकसतं आणि आतला थर दुसऱ्या मापानं. डिंक जागोजागी सुटतो, तिथे कापड वर उचललं जातं. तेच फोड. एकदा आले की घरी दुरुस्त होत नाहीत. कुणी म्हणेल ओलं फडकं ठेवून कडक इस्त्री करा. मी केली. आणखी वाईट झालं, काळ्या कापडावर चकाकी आली ती वेगळीच.

दुकानात ओळखायचं कसं? खालच्या काजाच्या जरा खाली पल्ला चिमटीत धरा. बाहेरचं कापड एका बोटानं, आतलं दुसऱ्या बोटानं हलकेच ओढा. दोन्हींच्या मध्ये एखादा तिसरा थर मोकळा सरकताना लागला तर तो कॅनव्हास. सगळं पुठ्ठ्यासारखं एकजीव लागलं तर डिंक. मग आतल्या शिवणीत लावलेली छोटी पट्टी वाचा. टबाच्या चित्रावर फुली असेल तर तो कोट पाण्यात घालायचाच नाही. नुसतं वर्तुळ असेल तर ड्रायक्लीन. माझ्या कोटावर दोन्ही होतं. मी वाचलं नव्हतं, कारण ती पट्टी बघायची असते हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

डिंकाचा कोट वाईट नसतो, हेही सांगते, घाबरू नका. ज्यांच्या घराजवळ ड्रायक्लीन आहे त्यांनी खुशाल घ्यावा, वर्षानुवर्षं चालतो. आपल्यासाठी मात्र प्रश्न एकच आहे, हा कपडा मला घरी धुता येईल का? बोअरच्या जड पाण्यात, बादलीत, उन्हाच्या दोरीवर? नसेल तर तो स्वस्त नाही, त्यावर लेबल कितीचंही असो.

दुसरी मुलाखत मी मामेबहिणीच्या फिक्या निळ्या सुती सूटवर दिली. निवड त्याच मुलाखतीतून झाली.

नोकरी लागल्यावर मी तयार ब्लेझर घेतलाच नाही, शिवून घेतला. मोठ्या पन्ह्याचं, म्हणजे ५८ इंची कापड कोट-पँटला तीन-सव्वातीन मीटर पुरतं. पन्हा लहान असेल, खादीचा बहुतेक असतोच, तर कापड जास्त लागतं, काकूंना विचारूनच फाडून घ्या. आणि कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढा. रात्रभर भिजवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं. सुती कापड मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आकसतं. ते शिवायच्या आधी आकसू दे, अंगावर नको. काकूंना मी सांगितलं, पल्ल्याला डिंक नको, फक्त कॉलरला आणि काजपट्टीला घाला. अस्तर पूर्ण नको, पाठीच्या वरच्या भागाला आणि बाह्यांना तेवढं. पूर्ण पॉलिस्टरचं अस्तर म्हणजे आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा अंगावर प्लास्टिक गुंडाळणं. शिवणीत दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, जास्त सोडायला सांगा, पुढे उसवून मोकळा करता येतो. कंबर, बाहीची लांबी, पँटची उंची सगळं नंतर बदलता येतं. खांदा बदलत नाही. म्हणून भावाचा कोट किंवा लग्नाच्या कपड्यांच्या दुकानातला भाड्याचा कोट हा जवळचा रस्ता मला पटत नाही, कोट आपल्या मापाचा नाही हे खांद्यावरूनच कळतं.

कापड कुठून? नागपूरचा गांधीबाग-इतवारी बाजार, अमरावतीजवळ नांदगाव पेठचा घाऊक बाजार, आणि वर्धेकडे जाणं होत असेल तर खादी. २ ऑक्टोबरच्या सुमारास खादीवर सवलत असते, तेव्हा वर्षाचं कापड घेऊन ठेवा. खादी चुरगळते, पण घाम टिपते. भंडाऱ्याच्या कोशाचं, म्हणजे कोसा रेशमाचं, जाकीट साध्या कुर्त्यावर किती देखणं दिसतं, ते मला फार आवडतं. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या पगारानंतर. कोसा रोज बादलीत घालायचा कपडा नाही.

रंगाचं थोडक्यात: फिका राखाडी नको, काखेतला घाम त्यावर लगेच उठतो. गडद निळा सगळ्यात सोयीचा.

तयारच घ्यायचा असेल तर एक हिशोब लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. २,६०० च्या कोटावर भुलण्याआधी २,४०० चा घालून बघा.

आणि ज्यांच्याकडे आत्ता पैसेच नाहीत त्यांनी रडू नका, कर्ज तर मुळीच काढू नका. नीट मापाचा, इस्त्री केलेला एक सुती सलवार सूट पुरतो. ओढणी खांद्यावर टाचणीनं पक्की करा, नाहीतर कागद देताना ती सावरण्यात हात अडकतात. नवा कपडा कोणताही असो, मुलाखतीआधी एक अख्खा दिवस अंगावर ठेवा. एस.टी.त बसा, वाकून बॅग उचला, हात वर करून दांडी धरा. बटण ताणलं, बाही चढली तर काकूंकडे जायला अजून वेळ असतो. मी काकूंकडे गेले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची गाडी होती.