फसलेल्या मोहिमेचा अभ्यास कोठून सुरू करावा : वडगाव, 1779

युद्धेतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील वडगावची मोहीम निवडली. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना पहिलीच सूचना करतो, ती म्हणजे आरंभ लढाईच्या दिवसापासून करू नये. वडगावला जानेवारी 1779 मध्ये जे घडले, त्याचे मूळ आदल्या वर्षाच्या पावसाळ्यात आहे.

मुंबईकर इंग्रजांचा बेत असा होता की, पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांना बरोबर घेऊन घाट चढावा, पुण्यातील त्यांचे पक्षपाती येऊन मिळतील आणि गादीचा प्रश्न मोठ्या लढाईशिवाय सुटेल. या पक्षाचा आधार असलेले मोरोबादादा फडणीस 1778 च्या पावसाळ्यातच कैदेत पडले होते आणि त्यांना साथ देणारे तुकोजी होळकर महादजी शिंद्यांनी वळवून घेतले होते. म्हणजे ज्या गृहीतकावर सगळी मोहीम उभी होती, ते कूच होण्यापूर्वीच कोसळले होते, तरी नोव्हेंबरात फौज निघाली. नवे अभ्यासक सहसा सेनापती कर्नल एगर्टनच्या आजारपणावर किंवा त्याच्याबरोबरच्या समितीतील कारनॅकच्या हेकेखोरपणावर बोट ठेवतात. ते खोटे नाही. पण माझ्या मते निरोगी आणि समंजस सेनापती असता, तरी त्या गृहीतकावर पुणे हाती आले नसते. म्हणून आराखडा वाचताना तो कोणत्या गोष्टी धरून चालला आहे, हे आधी वेगळे लिहून काढावे आणि त्यातील प्रत्येक गोष्ट कोणत्या तारखेपर्यंत खरी होती, ते पाहावे.

फौज सुमारे 3,900 माणसांची होती आणि तिच्याबरोबर सामानाचे सुमारे 19,000 बैल होते. हुकूम एकट्या सेनापतीचा नव्हता. मुलकी अधिकारी असलेली एक समिती त्याच्याबरोबर बसून निर्णय घेई. तिच्यातील मॉस्टिन पूर्वी पुणे दरबारात इंग्रजांचा वकील होता. तो आजारी पडून मुंबईला परतला आणि मोहीम संपण्यापूर्वीच मरण पावला, म्हणजे पुण्याची खरी माहिती असलेला माणूस ऐन वेळी उरला नाही. डिसेंबरअखेर घाटमाथ्यावर असलेली फौज तळेगावला पोचली 9 जानेवारीला. आज पुणे-लोणावळा लोकलने मळवलीहून तळेगावला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. त्या खिडकीतून मावळाकडे एकदा नीट पाहावे. दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांमधील ती चिंचोळी वाट, तिच्यावरून सरकणारी बैलांची रांग आणि बाजूला घोडदळ, हे डोळ्यांपुढे आल्याशिवाय कागदावरील दिरंगाईचा अर्थ लागत नाही.

मराठ्यांच्या बाजूविषयी लिहिताना ‘गनिमी कावा’ एवढे दोन शब्द लिहून पुढे जाण्याची खोड फार जणांना असते. तिने सगळे कष्ट झाकले जातात. मोठी लढाई टाळून मागे सरायचे, कोकणाकडील रसदेची वाट तोडायची, वैरण आणि धान्य शत्रूच्या हाती लागू द्यायचे नाही, या गोष्टी आपोआप होत नाहीत. त्यासाठी पत्रे, जासूद आणि वेगवेगळ्या सरदारांची एकवाक्यता लागते. कार्ल्याजवळ 4 जानेवारीला कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपल्याकडचा ‘इष्टूर फाकडा’. इंग्रज तळेगावला पोचले, तेव्हा गाव जाळून ओसाड केलेले होते. वेळ आली तर पुण्याचीही तीच गत करण्याची तयारी आहे, ही बातमी त्यांच्या छावणीत आली आणि 11 जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात टाकून फौज गुपचूप मागे फिरली. मराठ्यांना ते लगेच कळले. वडगावला वेढा पडला आणि काही दिवसांत करार झाला; साष्टी आणि 1773 पासून घेतलेला मुलूख परत करण्याचे कबूल झाले. मुंबईने तो करार पुढे नाकारला.

साधनांबद्दल थोडे. केवळ इंग्रजी कागदांवर काम केले, तर शत्रू अचानक प्रकट झाल्यासारखा वाटतो. त्याची तयारी दिसते ती मराठी पत्रांत. त्यासाठी मोडी शिकण्याला पर्याय नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही दोन ठिकाणे प्रथम गाठावीत. पत्रातील ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि त्यापुढील महिना हिजरी असतो. या मोहिमेच्या ऐन दिवसांतील पत्रांवर जिल्हेज आढळतो. जंत्री, म्हणजे दोन्ही कालगणनांच्या तारखांचे कोष्टक, जवळ ठेवून प्रत्येक तारीख इंग्रजी तारखेशी जुळवावी आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच तक्त्यात समोरासमोर मांडाव्यात. काम कंटाळवाणे आहे, परंतु कोणाला काय केव्हा कळले, हे त्याशिवाय ठरत नाही.

हा तक्ता तयार झाला की त्याच्याच शेजारी 1781 ची मोहीम घ्यावी. त्या वर्षी जनरल गॉडार्डने बोरघाट घेतला, परंतु हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याच्या रसदेवर सतत घाले घातले आणि एप्रिलमध्ये तो पनवेलकडे उतरला. दोन वर्षांत इंग्रजांनी आराखड्यात काय बदलले आणि काय तसेच ठेवले, हा प्रश्न पहिल्या निबंधासाठी पुरेसा मोठा आहे.