पाठीला नव्हे, पोटाला भिंत: वेटलिफ्टिंगचा बेल्ट घेताना

माझा पहिला बेल्ट मागून सहा इंच रुंद होता. जिममधल्या सगळ्या दादांकडे तसाच होता, आणि चामडं जितकं रुंद तितका पाठीला आधार जास्त, असं मी धरून चालले होते. जिल्ह्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत किट तपासताना पंचांनी त्यावर टेप धरली आणि बेल्ट बाजूला ठेवला. नियमात जास्तीत जास्त रुंदी 10 सेंटीमीटर, माझा भरला 15. एका ताईंनी स्वतःचा बेल्ट दिला म्हणून उतरता आलं. पण त्याची भोकं मला जुळेनात, आणि स्क्वॉटचा (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठायचं) दुसरा प्रयत्न हातचा गेला.

बेल्ट नेमकं काय करतो हे सरांनी त्यानंतर शिकवलं. पोट भरून श्वास घ्यायचा, तो रोखायचा आणि पोट पुढे, बाजूंना, मागे असं सगळीकडून बेल्टवर दाबायचं. समोर भिंत मिळाली की पोटातला दाब वाढतो आणि त्या दाबाने कणा आतून ताठ राहतो. म्हणजे पुढची बाजूही मागच्याइतकीच कामाची. मागे रुंद आणि पुढे निमुळता बेल्ट पोटाला अर्धीच भिंत देतो. रक्तदाब किंवा हर्नियाचा त्रास असेल, तर असा श्वास रोखण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

दुकानात जाण्याआधी खेळ ठरवा. पॉवरलिफ्टिंगला सगळीकडे सारखी रुंदी असलेला, 10 मिलिमीटर जाडीचा चामडी बेल्ट नवख्याला पुरतो. नियमात 13 मिलिमीटर चालतो, पण तो मऊ पडेपर्यंत फासळ्यांना चांगलाच बोचतो. स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) करणाऱ्या वेटलिफ्टर्सचं गणित वेगळं. तिथे 12 सेंटीमीटरपर्यंत मुभा आहे, पण खोल बसायचं असतं आणि बार अंगाला घासून वर येतो, त्यामुळे जाड बक्कल आड येतं. त्यांच्यासाठी वेल्क्रोचा नायलॉन बेल्ट मला योग्य वाटतो. तोच पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत मात्र नेऊ नका.

माप पँटच्या नंबरावरून सांगू नका, बेंबीपाशी टेप लावून घ्या. मधल्या भोकात बसणारा बेल्ट घ्या, वजन वर-खाली झालं तरी चालतो.

पालक हमखास विचारतात, ‘बेल्ट लावला की दुखापत होणार नाही ना?’ सांगलीच्या संकेत सरगरने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवलं, तेव्हा क्लीन अँड जर्कमध्ये त्याचा कोपर दुखावला होता. बेल्ट धडापुरता असतो. कोपर, खांदा, गुडघा यांची काळजी तंत्रानेच घ्यावी लागते. म्हणून सरांनी पहिले सहा महिने आम्हाला बेल्टला हात लावू दिला नाही. आजही मी माझ्या कमाल वजनाच्या 80 टक्क्यांपुढेच तो बांधते.

लिव्हरचा बेल्ट, म्हणजे बक्कलऐवजी खटका असलेला, एका झटक्यात लागतो, सुटतो, आणि मला तो मनापासून आवडतो. अडचण एकच: त्याची जागा स्क्रूने पक्की केलेली असते. स्पर्धेआधी गटासाठी आपलं वजन करून झाल्यावर आपण पोटभर खातो, पाणी पितो, आणि सकाळी बरोबर बसलेला बेल्ट दुपारी लागतच नाही. लिव्हर घेतलात तर किट बॅगेत छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा, आणि वॉर्म-अपला जाण्याआधी एकदा लावून बघा.