गोव्याच्या दमट हवेत आयसी, मॉस्फेट कसे साठवायचे

"गोव्यात एवढी दमट हवा, इथे कुठलं आलंय स्टॅटिक" हे सांगणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. स्टॅटिक म्हणजे घासण्यातून अंगावर-वस्तूंवर साठणारा विजेचा चार्ज; दमटपणामुळे तो कमी साठतो, संपत नाही, आणि एसी लावलेल्या खोलीत तर हवा कोरडीच होते. बोटाला चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात, नाजूक आयसी (चिप) 100 व्होल्टच्या आतही जाऊ शकतो, म्हणजे तो गेला तेव्हा तुम्हाला काही कळलेलंच नसतं. कधी लगेच मरतही नाही, आतून अधू होऊन चालत राहतो आणि पुढे कधीतरी गिऱ्हाइकाच्या बोर्डात दगा देतो.

आधी माल वेगळा करा. मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), मायक्रोकंट्रोलर, सीमॉस आयसी, मेमरी, वायफाय मॉड्यूल एका बाजूला. पांढऱ्या-निळ्या एलईडीही त्यातच, त्या लोक हमखास विसरतात. साधे रेझिस्टर, कनेक्टर कुठेही ठेवा. माल हाताळताना मनगटाला 1 मेगाओहमवाला रिस्ट स्ट्रॅप (पट्टा), चांगल्या अर्थिंगला जोडलेला.

पिशव्या. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज तयार करत नाही, बस्स, बाहेरून येणारा झटका ती अडवत नाही. त्यासाठी धातूचा थर असलेली, धूसर आरपार दिसणारी चंदेरी पिशवीच घ्या आणि तोंड बंद ठेवा. माल पिशवीच्या आत ठेवायचा, वर नाही. थर्मोकोलमध्ये आयसी खोचून ठेवणं आजच बंद करा.

आता खरी अडचण, माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच खपलंय. ती चंदेरी पिशवी स्टॅटिक अडवते पण हवेतली वाफ नीट अडवत नाही. जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते तीच हवा पिशवीत शिरते, आयसीचे धातूचे पाय काळे पडतात, मग सोल्डर धरतच नाही, आणि कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यात वर खारा वारा. म्हणून चंदेरी पिशवीवर दुसरं कवच हवंच: रबरी गॅस्केटचा घट्ट डबा, आत सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं कार्ड. कार्डावरचा 40 टक्क्यांचा ठिपका बदलला की जेल बदला. तांदूळ घालायचा सल्ला देणाऱ्याला माझ्याकडे पाठवा, त्याने पीठ आणि किडे सोडून काही मिळत नाही. पावसात जेल उन्हात वाळवायचं म्हणतात, ऊन असतं कुठे? ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास ठेवा, बंद बरणीत गार होऊ द्या, आणि हे काम मे संपायच्या आत उरकून टाका.

आयसी खोचायचा वीज वाहणारा काळा फोम वर्षानुवर्षं ठेवू नका, जुना झाला की चुरा होतो आणि दमटात पायांना गंज चढवतो. बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे) आयसी ज्या सीलबंद अॅल्युमिनियमच्या पाकिटात येतात ते वापरायची वेळ येईपर्यंत फोडू नका. त्यावर एमएसएल 3 (ओलीला किती नाजूक याची पातळी) लिहिलं असेल तर फोडल्यापासून 168 तासांत सोल्डर करायचं, तेही 30 अंश आणि 60 टक्के दमटपणाच्या आत, आणि आपल्याकडे पावसाळ्यात 60 टक्के कुठले? ओल शिरलेला आयसी रिफ्लोच्या, म्हणजे अख्खा बोर्ड तापवून सोल्डर वितळवण्याच्या, उष्णतेत आतून फुटतो.

नंबर आणि खरेदीचा महिना कागदी लेबलवर लिहा, सेलोटेप नको, तो ओढून काढतानाच हजारो व्होल्ट तयार होतात. आणि सेल बसवलेला बोर्ड काळ्या फोमवर ठेवू नका, फोममधून करंट जाऊन सेल उतरतो.