पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर घेण्याआधी

डाळिंबाच्या पॅकहाऊससाठी, म्हणजे फळं निवडून पेट्या भरायच्या जागेसाठी, सॉफ्टवेअर घ्यायचं तर डेमो ठरवण्याआधी आपल्याच ऑफिसातली एका दिवसाची कागदं गोळा करा. सीझनमधला गर्दीचा दिवस निवडा. आवक पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, ग्रेडिंगची वही, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या पैशाच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), गाडीचं चलन, सगळं. कंपनीचा माणूस आला की त्याच्यापुढे गठ्ठा ठेवायचा आणि म्हणायचं, एवढं भरून दाखवा. त्याच्या लॅपटॉपमधल्या मालाला भुलू नका. तिथे प्रत्येक पेटी सारख्याच वजनाची असते आणि फळ कधी नासत नाही.

त्या गठ्ठ्यात क्रेटची वही हवीच. मागच्या वेळी आम्ही बाकी सगळं विचारलं आणि नेमकं हेच राहिलं. सॉफ्टवेअरवाल्याच्या लेखी क्रेट म्हणजे पॅकिंगचं सामान, घेतलं आणि खर्ची टाकलं. खोक्याचं तसं चालतं. क्रेट मात्र फिरतो. रिकामा सांगोल्याला बागेवर जातो, भरून येतो, मग व्यापाऱ्याच्या गाडीतून परगावी जातो आणि तिकडेच रमतो. म्हणून शेतकरी, व्यापारी, गाडीवाला, प्रत्येकाच्या नावावर पैशाचं असतं तसं क्रेटचं खातं हवं: किती नेले, किती दिले, बाकी किती. पट्टी करताना ती बाकी समोर दिसली पाहिजे. पट्टीचे पैसे हातात पडल्यावर स्वतःहून क्रेट आणून देणारा माणूस मला अजून भेटायचाय. ‘ते नंतर करून देऊ’ असं सॉफ्टवेअरवाला म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

क्रेटचाच दुसरा भाग म्हणजे त्याचं स्वतःचं वजन. जुना आणि नवा क्रेट सारख्या वजनाचे नसतात. प्रत्येकामागे २०० ग्रॅमचा फरक धरा, ५०० क्रेटच्या आवकेत १०० किलो डाळिंब कागदावर वाढलं किंवा गायब झालं. तेव्हा क्रेटचे प्रकार वेगळे नोंदवता येतात का, आणि काट्यावरचं वजन हाताने न भरता थेट उतरतं का, हे बघून घ्या. काट्याला केबल लावायची सोय असते, पण जुन्या काट्याला नसतेही. आधी आपला काटा तपासा.

आता लॉट, म्हणजे एका खेपेचा माल. एका शेतकऱ्याचा माल आला की त्याला नंबर पडला पाहिजे, आणि ग्रेडिंगला चार शेतकऱ्यांचा माल मशीनच्या एकाच पट्ट्यावर आला तरी कोणाचा किती मोठा, किती बारीक, किती तेल्याचा (डाग पडणाऱ्या रोगाचा) निघाला हे वेगळं राहिलं पाहिजे. शेतकऱ्याची पट्टी यावरच बनते, भांडणंही इथेच होतात. निर्यात करणार असाल तर पुढे पेटीवरून मागे बागेपर्यंत जाता आलं पाहिजे. अपेडा ही शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था, तिच्या हॉर्टिनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंदणी असते, तो नंबर लॉटला चिकटवायची जागा सॉफ्टवेअरमध्ये हवी. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ते खोक्यावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि माल इथलाच असावा लागतो. म्हणजे गाव आणि गट नंबर लॉटबरोबर हवेतच. नुसत्या नावावर भागत नाही, एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात.

कोल्ड स्टोअरेजच्या भागात घट नोंदवता येते का ते विचारा. फळातलं पाणी उडतं, आत ठेवलेलं वजन बाहेर काढताना भरत नाही, आणि ज्या सॉफ्टवेअरला हे कळत नाही ते रोज ‘स्टॉक जुळत नाही’ म्हणून ओरडतं. माल कुठल्या खोलीत आहे हेही दिसायला हवं. डाळिंबाला पाच अंशांच्या खाली नेलं की साल काळवंडायला लागते, द्राक्षाला मात्र शून्याच्या आसपास लागतं. दोन्ही एकाच खोलीत लिहू देणारं सॉफ्टवेअर निदान इशारा तरी देतं का? पंढरपूरकडून भाड्याने ठेवायला आलेला बेदाणा आपल्या स्टॉकमध्ये मिसळता कामा नये. भाड्याने माल ठेवणाऱ्याचे क्रेट आपले की त्याचे, हेही लिहून ठेवा. होय, परत क्रेट.

हिशोबाचं सीएला विचारा. ताज्या फळावर जीएसटी नाही, पण खोक्यांवर आहे, तेवढं वेगळं निघालं पाहिजे. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ‘मालकासाठी खास सोय देतो, एंट्री पुसता येते’ असं कोणी कौतुकाने सांगत असेल तर लगेच उठा. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आधीच असेल तर तिकडे आपोआप जातं का ते बघा, नाहीतर पोरगं दोनदा टाइप करत बसेल.

वेळ. डाळिंबाचे बहार तीन: आंबे बहाराचा माल जुलै-ऑगस्टला येतो, मृगाचा डिसेंबर-जानेवारीत, हस्ताचा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे बदलायचं तर मे-जून. पहिल्या दिवशी सगळे क्रेट मोजा, गोडाऊनमधलेही आणि लोकांकडचेही, आणि तोच आकडा भरा. अंदाजे नको.

बाकी पटापट. लाइट किंवा नेट गेलं तरी आवक थांबू नये. पावती मराठीत निघावी. थंड खोलीतून बाहेर आलेल्या पेटीवर पाणी सुटतं, तेव्हा साधं लेबल गळून पडतं, लेबल ओलं करून बघा. रात्री बाराला फोन उचलणारा माणूस कोण, त्याचं नाव लिहून घ्या. वर्षाचा खर्च किती, सोडून जायचं ठरलं तर आपला डेटा एक्सेलमध्ये मिळेल का, बॅकअप कुठे, हे लेखी. आणि शेवटचा हप्ता क्रेटबाकीचा रिपोर्ट वहीशी ताडून बघितल्यावरच द्या.