पहिल्या पाच शेळ्या: निवड आणि सांभाळ

शेळीपालनात पैसा येतो तो विकण्याच्या वजनापर्यंत जगलेल्या करडांचा. दूध आणि लेंडीखत ही वरकमाई. त्यामुळे शेळी निवडताना, गोठा बांधताना, चारा लावताना पाहायचं ते एवढंच, की यानं करडं जगतील का. नवखा माणूस बहुतेकदा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो: आधी लोखंडी अँगलचा गोठा, मग परराज्यातून गाडीभर उंच्यापुऱ्या शेळ्या, आणि चाऱ्याचा विचार सर्वांत शेवटी. क्रम चारा, गोठा, शेळी असा ठेवा. पहिल्या वर्षी पाचच शेळ्या घ्या. एका वर्षात उन्हाळा, पावसाळा, एक वेत आणि एखादी साथ बघून होते आणि हात बसतो.

चाऱ्याचा हिशोब

तीस किलोच्या शेळीला रोज साधारण ३ ते ४ किलो हिरवा चारा, पाऊण ते एक किलो वाळला चारा आणि २०० ते २५० ग्रॅम खुराक लागतो. बंदिस्त पाळायच्या असतील तर पाच शेळ्या आणि त्यांची करडं यांना वर्षाला आठ-नऊ टन हिरवा चारा धरा. बारमाही पाणी असेल तर सात-आठ गुंठ्यांत तो निघतो. मात्र सगळीकडे संकरित नेपियर गवत लावून मोकळं होऊ नका. शेळी ही मुळात पाला ओरबाडणारी. अर्ध्या जागेत नेपियर आणि मेथीघास, बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ अशी वाटणी चांगली. सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असतं. एकूण हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला तर केस गळू लागतात. वाळल्या चाऱ्यात तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट शेळ्या आवडीनं खातात. कडबा मात्र कुट्टी केल्याशिवाय निम्मा वाया जातो. भुसकट सुगीतच भरून ठेवा. मे महिन्यात शोधायला निघालं की भाव दुप्पट झालेले असतात.

चारा जमिनीवर टाकू नका. पायाखाली आलेला, लेंडी-मूत लागलेला घास शेळी तोंडात घेत नाही, आणि भुकेपोटी घेतलाच तर त्याबरोबर जंतांची अंडी पोटात जातात. फांद्या जुडी बांधून तोंडाच्या उंचीवर टांगा, कुट्टी गव्हाणीत टाका.

खुराक घरी करता येतो. शंभर किलोला मका भरडा ४० किलो, सरकी किंवा शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा कोंडा २०, तूर किंवा हरभरा चुणी १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. नवा खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत पूर्ण मापावर न्या. शेळीनं एकदम किलोभर धान्य खाल्लं तर पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि दोन दिवसांत ती दगावू शकते. धान्याचं पोतं आणि शेळी यांच्यामध्ये कडी लागणारं दार हवंच. बोकडांना कोंडा आणि धान्य जास्त झालं की मुतखडा होतो. खच्ची केलेल्यांना तर लवकर.

कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाल्ली की किराळ लागते, म्हणजे सायनाइडची विषबाधा होते, आणि ते विष मिनिटांत काम करतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय हिरवी घालू नका. कण्हेर, घाणेरी आणि बेशरम यांच्या जवळ शेळ्या बांधायच्या नाहीत.

गोठा

मोठ्या शेळीला छपराखाली १० ते १२ चौरस फूट, करडाला ४ ते ५, बोकडाला १५ ते २०. याच्या दुप्पट मोकळं, जाळी मारलेलं आवार. पाच शेळ्या आणि त्यांच्या करडांना शंभर-सव्वाशे चौरस फूट छप्पर पुरतं. बांबू, जुने वासे, वर पाचट किंवा पत्रा एवढं चालतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे दुपारचं ऊन आत घुसत नाही. छप्पर मध्ये दहा फूट, कडेला सहा-सात फूट. कडेच्या भिंती कमरेइतक्याच, वर जाळी. चारी बाजूंनी बंद गोठ्यात मुताचा अमोनिया कोंडतो आणि त्यातून करडांना न्यूमोनिया होतो. बसून तुमच्या डोळ्यांना चुरचुरलं, तर करडांची नाकं त्या उंचीवर रात्रभर असतात हे लक्षात घ्या.

जमीन मुरुमाची, थोडा उतार दिलेली. आठवड्याला चुना भुरभुरा, वर्षातून एकदा वरचा चार बोटं मुरूम काढून नवा घाला. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसात जमीन कोरडी राहतच नाही. तिथे दोन-तीन फूट उंच फळ्यांचा माच करा, दोन फळ्यांत अर्धा इंच फट. फट मोठी झाली तर करडाचा पाय अडकून मोडतो.

कुठली जात

तुमच्या भागात जी पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे ती. मराठवाड्यात, सोलापूरकडे उस्मानाबादी: बहुतेक काळी, लोंबते कान, जुळ्यांचं प्रमाण चांगलं, उन्हाला काटक. नगर, नाशिक, पुण्याच्या पट्ट्यात संगमनेरी: बरीचशी पांढरी, मांसाबरोबर दूधही बरं. विदर्भात बेरारी. कोकणात कोकण कन्याळ, चेहऱ्यावर पांढरे पट्टे असलेली, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं पुढे आणलेली आणि तिथल्या पावसात तग धरणारी. सिरोही, बीटल, जमनापारी, बोअर या वाईट जाती नाहीत, पण त्यांना खाणं जास्त लागतं आणि नव्या हवेत पहिल्या पावसाळ्यात मर होते. वजन वाढवायचंच असेल तर स्थानिक शेळीवर चांगला बोकड लावा. कळप बदलायची गरज नसते.

शेळी पारखणं

बाजारापेक्षा गावातल्या गोठ्यातून घेतलेली शेळी बरी. तिथे तिची आई दिसते, मागची करडं दिसतात आणि ती काय खाते हेही कळतं. आठवडी बाजारात साथीचा रोग विकत मिळण्याची भीती सर्वांत मोठी. शिवाय मीठ चारून पाणी पाजून पोट फुगवणं, दूध न काढता कास तटतटवणं हे तिथले जुने उद्योग. सरकारी प्रक्षेत्रावरची जनावरं हवी असतील तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे चौकशी करा. खरेदीला दिवाळीनंतरचा काळ चांगला. जूनमध्ये घेतलेली शेळी प्रवास, नवी जागा आणि पाऊस हे सगळं एकदम झेलते.

आधी लांबून पाहा. निरोगी शेळी कान हलवते, शेपूट वर ठेवते, बसली असेल तर रवंथ करते. कळपापासून बाजूला मान खाली घालून उभी असेल तर पुढे पाहायचं कारण नाही.

मग जवळ जा. खालची पापणी अंगठ्यानं ओढा. आतला भाग लालसर-गुलाबी हवा. फिकट गुलाबी म्हणजे जंत, कागदासारखा पांढरा म्हणजे रक्त पिणाऱ्या जंतांनी ती पोखरलेली आहे. जबड्याखाली हात फिरवा. मऊ पाण्याची पिशवी लागली तर तोच रोग पुढे गेलेला. नाकातून शेंबूड, ओठांवर खपल्या, शेपटीखाली चिकटलेली पातळ विष्ठा, यातलं एकही दिसलं तरी सोडून द्या.

ओठ वर करून दात मोजा. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. सगळे बारीक दुधाचे असतील तर ती वर्षाच्या आतली. मधले दोन रुंद कायमचे दात सव्वा वर्षाच्या सुमारास, चार दोन वर्षांच्या आसपास, सहा अडीच-तीनला आणि आठही जुळतात साडेतीन-चारला. दात झिजलेले, फटी पडलेले किंवा हललेले दिसले तर विकणारा काहीही वय सांगो, ती म्हातारी आहे.

कास दाबून पाहा. दोन्ही सड सारखे, कास मऊ, आत गाठ नको. प्रत्येक सडाची एक धार तळहातावर घ्या. गुठळ्या किंवा पाणी आलं तर कासदाह. शेवटी तिला दहा पावलं चालवा आणि खुरं बघा.

‘गाभण आहे’ यासाठी जादा पैसे देऊ नका. तीन महिन्यांच्या आधी नुसत्या हातानं खात्री होत नाही. नवख्यासाठी सर्वांत भरवशाचा सौदा म्हणजे दुसऱ्या वेताची, पाठीशी दोन धडधाकट करडं असलेली शेळी. ती महाग पडते, पण जुळी देते, दूध पाजते आणि करडं सांभाळते हे तिनं दाखवलेलं असतं. पाचांसाठी बोकड ठेवू नका. एक बोकड वीस-पंचवीस शेळ्यांना पुरतो. गावातला चांगला बोकड बघून ठेवा: दीड-दोन वर्षांचा, जुळ्यातला, दोन्ही अंड सारखे. दर दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर बापच मुलींवर जातो आणि करडं खुरटतात.

पहिले तीन आठवडे

नव्या शेळ्या जुन्या जनावरांपासून २१ दिवस वेगळ्या ठेवा. आल्याबरोबर खुराक नाही. पाणी, थोडा गूळ-मीठ घालून, आणि वाळला चारा. विकणाऱ्याकडून त्याचा चारा दोन-चार दिवसांचा मागून आणा आणि हळूहळू आपल्यावर वळवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या आणि मग जंतनाशक पाजा.

औषध अंदाजानं पाजलं जातं आणि तिथेच ते फुकट जातं. शेळीला काट्यावर घ्या. अल्बेंडाझोल किलोला १० मिलिग्रॅम धरलं तर तीस किलोच्या शेळीला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच टक्क्यांच्या द्रावणाचं १२ मिली. बाटलीवरचे टक्के वाचा. गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका. पाजताना तोंड जमिनीला समांतर ठेवा, सिरिंज गालाच्या कडेनं आत, आणि थांबत थांबत. मान उंच करून ओतलं की औषध फुप्फुसात जातं आणि जंतांनी नाही तर त्यानं शेळी मरते. दर महिन्याला सरसकट जंतनाशक पाजणारे लोक स्वतःच्या गोठ्यात औषधाला न जुमानणारे जंत तयार करतात. पावसाआधी, पावसानंतर आणि मधे पापणी फिकी दिसेल तिला, एवढं बास. चरायला सोडत असाल तर दव वाळल्यावर सोडा. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसलेल्या असतात.

लसींमध्ये दोन चुकवायच्या नाहीत. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग): वयाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पुढे तीन वर्षांनी. आंत्रविषार: दरवर्षी मे महिन्यात, पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर. पहिल्या पावसाचं कोवळं गवत भरपूर खाल्लं की आंत्रविषाराचे जंतू आतड्यात वाढतात आणि संध्याकाळी उड्या मारणारं सर्वांत गुबगुबीत करडू सकाळी मेलेलं सापडतं. लाळ्या खुरकूत सहा महिन्यांनी. दोन लसींत पंधरा दिवसांचं अंतर, आणि आजारी शेळीला लस नाही.

माज, वेत, करडं

पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, आठ-दहा महिन्यांची आणि निदान वीस-बावीस किलोची झाल्याशिवाय भरवू नका. माज दर १८ ते २१ दिवसांनी येतो आणि दीड-एक दिवस राहतो: शेपूट सारखी हलते, ओरडते, खाणं कमी होतं. माज दिसल्यावर बारा तासांनी बोकड दाखवा आणि तारीख भिंतीवर लिहा. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. जूनमध्ये भरलेली शेळी नोव्हेंबरात विते, हा काळ करडांना सर्वांत चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरली तर करडं जुलै-ऑगस्टच्या चिखलात येतात. आठ महिन्यांनी वेत घ्यायचं म्हटलं तर दोन वर्षांतल्या तीन वेतांपैकी एक पावसात येतंच. कोरडा माच नसेल तर ते वेत लांबवा.

शेवटच्या दीड महिन्यात खुराक हळूहळू चारशे ग्रॅमवर न्या. पोटात जुळी असतील तर जागा कमी आणि गरज जास्त. उपाशी राहिलेली शेळी याच काळात बसते ती उठत नाही.

विताना पाण्याची पिशवी फुटून तासभर झाला तरी करडू पुढे सरकत नसेल तर डॉक्टरांना बोलवा, ओढाताण करू नका. करडू बाहेर आलं की नाक-तोंड पुसा, नाळ दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून कापा, टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा. मग चीक. पहिल्या तासात, वार पडायची वाट न पाहता. अडीच किलोच्या करडाला दिवसभरात २५० मिली चीक चार-पाच वेळा विभागून मिळायला हवा. रोगाशी लढण्याची ताकद त्यातूनच येते आणि एका दिवसानंतर आतडं ती घेऊ शकत नाही. बारा तासांत वार पडली नाही तर उपचार घ्या. वार किंवा गाभडलेलं करडू उचलताना हातमोजे घाला, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो.

पंधराव्या दिवसापासून करडांपुढे कोवळा पाला आणि मूठभर भरडा ठेवा, आयांना पोचता येणार नाही अशा कप्प्यात. तिसऱ्या आठवड्यापासून पाच महिन्यांपर्यंत रक्ताळ हगवण दिसली तर ती बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळे. साधं जंतनाशक तिथे चालत नाही, औषध वेगळं. तीन-चार महिन्यांत नर करडं वेगळी करा. एवढ्याशा वयातही ती बहिणींना भरवतात.

विक्री जिवंत वजनावरच करा, नजरेच्या अंदाजावर नाही. शंभर किलोचा लटकता काटा आणि एक वही गोठ्यात असू द्या: कोणाची करडं, जन्मवजन, तिसऱ्या महिन्याचं वजन. ज्या शेळीची लागोपाठ दोन वेतं वाया गेली किंवा कास गेली, ती कितीही देखणी असली तरी पुढच्या बाजाराला काढा आणि तिच्या जागी जुळ्यातली, वजनानं पुढे असलेली पाट ठेवा.