समुद्र, जंगल आणि डोंगर एकाच प्रवासात: गाडीने जायची आखणी कशी करावी

नकाशावर समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत बोट फिरवलं की अंतर फार थोडं वाटतं. चारशे किलोमीटर, म्हणजे सकाळी निघालो की संध्याकाळी पोहोचलो, असा हिशेब मनात लगेच होतो. तिथेच गडबड होते. निसर्ग बघायला म्हणून काढलेला प्रवास नुसता गाडी हाकण्यात जातो आणि सगळ्यात देखणा पट्टा नेमका अंधारात मागे पडतो. हमरस्त्याने एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं असेल तर किलोमीटर मोजावेत. बघण्यासाठी निघालात तर उजेडाचे तास मोजा. त्या तासांत गाडी किती वेळ चालणार, किती वेळ उभी राहणार आणि कोणत्या प्रहरी तुम्ही कुठे असणार, हे ठरलं की पुढची आखणी सोपी होते.

१. आधी दिवस, मग ठिकाणं

हातात किती दिवस आहेत ते लिहा आणि त्यातला जाण्याचा व परतण्याचा दिवस लगेच बाजूला काढा. किनारा, जंगल आणि डोंगर तिन्ही नीट बघायला मधले सहा दिवस तरी हवेत. प्रत्येक ठिकाणी दोन रात्री मुक्काम केला, तर दर मुक्कामी एक अख्खी सकाळ अशी मिळते की सामान बांधायचं नाही आणि कुठे पोहोचायचं नाही. माझ्या मते ही मोकळी सकाळ म्हणजे सगळ्या प्रवासाचा गाभा आहे. रोज नवा मुक्काम ठेवला तर दिवसातला सगळ्यात चांगला उजेड बॅगा भरण्यात आणि खोलीची किल्ली परत करण्यात जातो.

तीन-चारच दिवस असतील तर तिन्हींतलं एक सरळ वगळा. अशा वेळी किनारा आणि जंगल ही जोडी बरी, कारण डोंगरात हवामान बिघडलं तर हाताशी एक जादा दिवस लागतो.

२. क्रम आणि दिशा

शक्य असेल तर समुद्रापासून सुरुवात करून वर चढत जा. शरीराला उंचीची सवय हळूहळू होते. शिवाय घाटाची वळणं लागेपर्यंत भरलेली गाडी कशी वळते, ब्रेक कसा लागतो, हे चालवणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. फक्त घाटाच्या आदल्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका.

किनाऱ्याच्या रस्त्यावर कोणत्या दिशेने जायचं, याचा विचार फार कमी लोक करतात. ज्या देशात गाड्या डाव्या बाजूने चालतात तिथे समुद्र डाव्या हाताला राहील अशी दिशा निवडा. मग थांबायच्या जागा तुमच्याच बाजूला येतात आणि समोरची वाहतूक कापून पलीकडे जावं लागत नाही. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं की समुद्र सतत डावीकडे असतो. कॅलिफोर्नियात गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिथला हायवे वन उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा.

उन्हाचाही विचार करा. पश्चिमेला तोंड असलेल्या किनाऱ्यावर सूर्यास्त समुद्रात होतो, तेव्हा तिथे दुपारनंतर पोहोचलात तर उत्तम. पण त्याच वेळी पश्चिमेकडे गाडी चालवत असाल तर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि समोरचा माणूससुद्धा दिसत नाही. म्हणून सूर्य खाली येण्याआधी गाडी लावून मोकळे व्हा.

३. प्रत्येक टप्प्याचा खरा वेळ काढा

नकाशाचं अॅप जो वेळ दाखवतं तो कुठेही न थांबता जाणाऱ्या गाडीचा असतो. त्यात चहा नाही, फोटो नाहीत, मुलांना गाडी लागली म्हणून थांबणं नाही, ट्रकमागे रखडणं नाही. किनाऱ्याच्या आणि जंगलाच्या रस्त्यांवर त्या वेळेची दीडपट धरा, घाटात दुप्पट. असा हिशेब करून दिवसाचा पल्ला पाच तासांपेक्षा जास्त होत असेल तर मध्ये मुक्काम घाला.

दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करा, आणि चालवणारे दोघं असतील तर तिथेच अदलाबदल करा. झोप यायला लागली की गाणी लावून किंवा काच उघडून ती जात नाही. सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं झोप काढणं हाच उपाय.

वाटेत उजेड किती उरला ते हातावर मोजता येतं. हात पुढे ताणून तळवा आपल्याकडे वळवा आणि बोटं आडवी धरून क्षितिज व सूर्य यांच्यामध्ये किती मावतात ते पाहा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं धरा. खोल दरीत मात्र हा हिशेब चालत नाही, कारण डोंगराआड ऊन खूप आधी जातं.

४. किनाऱ्यावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं. त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला तितकंच मागे जातं. खडकांमधली डबकी, गुहा, पुळणीवरून पलीकडच्या टोकापर्यंत चालत जाणं, हे सगळं ओहोटीचं काम. परतीची वेळ पाणी वळायच्या आधीची ठेवा.

काही रस्तेच भरतीत बुडतात. फ्रान्समध्ये न्वारमुतिए बेटाकडे जाणारा पासाज द्यु ग्वा हा चार किलोमीटरहून थोडा लांब रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. अडकलेल्या माणसांना चढून बसता यावं म्हणून त्याच्या कडेला उंच खांब उभारलेले आहेत. असा रस्ता तुमच्या वाटेवर असेल तर त्या दिवसाची सगळी आखणी त्याच्या वेळेवरून करा.

गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू कडक दिसते, पण चाक एकदा रुतलं की ते फिरवाल तेवढं खाली जातं, आणि तेवढ्यात पाणी येतं. वाळूतल्या कासवांच्या घरट्यांचा विचार केला तरी गाडी रस्त्यावरच बरी. उघड्या पुलांवर आणि भूशिरांवर आडवा वारा असतो. मोठा ट्रक शेजारून गेला की गाडी हलते, म्हणून दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि टपावर सामान कमी.

५. जंगलात ढगाळ दिवस वाया जात नाही

किनाऱ्यासाठी आणि डोंगरासाठी निरभ्र आकाश हवं, जंगलाला त्याची गरज नाही. भर दुपारी पानांतून उन्हाचे कवडसे पडतात तेव्हा डोळ्यांना आणि कॅमेऱ्यालाही काही नीट दिसत नाही. ढग असले की हिरव्या रंगाच्या सगळ्या छटा उठून दिसतात, बुंध्यावरचं शेवाळसुद्धा. म्हणून अंदाज पाहताना ढगाळ दिवस जंगलाच्या वाट्याला द्या आणि स्वच्छ दिवस डोंगरासाठी राखा. दोन मुक्कामांची अदलाबदल करता आली तर हे सहज जमतं.

संरक्षित जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी नाके असतात आणि रात्री वाहतूक बंद ठेवतात. फाटक किती वाजता बंद होतं, परवाना लागतो का, मध्ये थांबायला मनाई आहे का, हे निघण्यापूर्वी त्या त्या वनखात्याच्या अधिकृत माहितीत पाहा. पहाटे आणि तिन्हीसांजेला जनावरं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग एवढाच ठेवा की दिव्याच्या झोतात दिसलेल्या अंतरात गाडी थांबेल. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर लगेच पुढे जाऊ नका, मागे कळप असतो. अचानक जनावर आलं तर ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग झटक्यात वळवू नका. बरेच मोठे अपघात जनावर चुकवताना गाडी झाडावर किंवा समोरच्या वाहनावर गेल्याने होतात. हॉर्न नको, खाऊ घालणं तर नकोच. रस्त्यावर खायला मिळतं हे कळलेलं माकड पुढे रस्त्यावरच मरतं.

६. घाट आणि डोंगर

आधी रस्ता उघडा आहे का ते पाहा. इटलीतली स्टेल्व्हिओ खिंड २७५७ मीटर उंच आहे. तिच्या एकाच बाजूला ४८ तीव्र वळणं आहेत आणि बर्फामुळे हिवाळाभर ती बंद असते. दरडींचं तर वेळापत्रकच नसतं. २०१७ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात हायवे वनवर मोठी दरड कोसळली आणि तो भाग २०१८ च्या जुलैपर्यंत बंद राहिला. तेव्हा एक पर्यायी रस्ता नकाशावर आधीच आखून ठेवा आणि निघायच्या दिवशी सकाळी रस्त्यांची ताजी स्थिती बघा.

डोंगरात सकाळ सगळ्यात मोलाची. ऊन चढलं की उतार तापतात, गरम हवा वर जाते, तिचे ढग होतात आणि दुपारनंतर शिखरं झाकली जातात, पाऊस किंवा विजाही येतात. सूर्योदयाच्या सुमारास निघून दुपारपर्यंत खिंड ओलांडायची, हा जुना शिरस्ता पाळावा. दर हजार मीटर चढाला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर ३० अंश असताना दोन हजार मीटरवर १७ च्या आसपास असू शकतं, त्यात वारा वेगळा. म्हणून गरम कपडे डिकीच्या तळाशी न ठेवता मागच्या सीटवर ठेवा. उन्हातली अतिनील किरणंही हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे थंडी वाजत असतानाच त्वचा भाजते.

घाट चढण्यापेक्षा उतरताना जास्त लक्ष लागतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरत गेलात तर ते तापतात आणि शेवटी धरतच नाहीत. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, इंजिनला गाडी रोखू द्या आणि ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडायची सोय असते, ती घरीच शिकून घ्या. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून इंधन वाचवायचा विचारही नको. जळका वास आला तर मोकळ्या जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्या. त्यांच्यावर पाणी ओतलं तर तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा आणि फोटोसाठी वळणावर कधीही थांबू नका.

गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा. नजर दूरच्या रस्त्यावर ठेवायला सांगा, फोन आणि पुस्तक बंद. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको.

२५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तरुण आणि धडधाकट माणसालाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही लक्षणं दिसली की आणखी वर जाऊ नका, आणि ती वाढली तर त्याच दिवशी खाली उतरा. ३००० मीटरच्या पुढे झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी आखणी करतानाच डॉक्टरांना विचारावं.

७. गाडीची तयारी

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी दाखवून घ्या, म्हणजे काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, कूलंट, वायपर आणि बॅटरी बघायला सांगा. टायरची हवा गाडी थंड असताना भरा आणि सामान भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दिलेला दाब पाहा. तो बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटवलेला असतो. स्टेपनीतही हवा भरा. जॅक आणि पाना गाडीत नुसते असून उपयोग नाही, चाक एकदा घरासमोर बदलून पाहा.

टाकी अर्ध्यावर आली की भरायची, ही सवय डोंगरात फार उपयोगी पडते. विजेच्या गाडीला चढाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दोन टनांची गाडी हजार मीटर वर न्यायला अंतराच्या खर्चाखेरीज साडेपाच युनिट वीज जादा लागते. उतरताना त्यातली बरीचशी परत मिळते, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून माथ्यावरच्या मुक्कामी बॅटरी पूर्ण भरू नका.

८. निघण्याच्या आदल्या रात्री

सगळ्या टप्प्यांचे नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, कारण दरीत आणि जंगलात नेटवर्क जातं. एक छापील नकाशाही असू द्या. मुक्कामांची नावं, तारखा आणि गाडीचा नंबर घरी कुणाला तरी देऊन ठेवा, आणि रोज किती वाजता फोन कराल तेही सांगा. पाणी, प्रथमोपचार, नेहमीची औषधं, विजेरी आणि परावर्तक त्रिकोण हाताशी ठेवा. थांब्यांची यादी एका कागदावर लिहा आणि त्यात दर दिवशी एक जागा अशी ठरवा की उशीर झाला तर ती विनाहळहळ सोडायची. ही निवड घरी बसून करणं सोपं असतं. रस्त्यावर भुकेल्या चार माणसांमध्ये ती होत नाही.

परतीला वेगळा आणि जलद रस्ता घ्या, आणि पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी कामाला न जाता एक दिवस हाताशी ठेवा. त्या दिवशी गाडी खालून स्वच्छ पाण्याने नीट धुऊन घ्या. किनाऱ्यावरचं मीठ पत्र्याच्या सांध्यांत आणि ब्रेकच्या नळ्यांवर बसलेलं असतं आणि तिथूनच गंज धरतो.